खाडा

२०२५ च्या ऑगस्टमधली गोष्ट. १९ तारखेला सकाळी टीव्हीवर खाली पट्टी फिरत होती. मुंबईत अतिवृष्टी, सरकारी-निमसरकारी कार्यालयांना सुट्टी, अत्यावश्यक सेवा वगळून. शेजारच्या काकू चहाला आल्या होत्या. बशीत चहा ओतता ओतता म्हणाल्या, "मज्जा आहे बाई तुम्हा सरकारी लोकांची. चार थेंब जास्त पडले की सुट्टी, आणि पगार सुरूच. आमच्या ह्यांनी दुकान बंद ठेवलं तर देतं का कोण?"

मी हसले. काय बोलणार? एकतीस वर्षं नगरपालिकेत काढली, त्यातली शेवटची पंधरा आस्थापना विभागात. म्हणजे कुणाची रजा किती, कुणाचा खाडा किती, कुणाला किती दिवसांचा पगार, हे लिहिण्यातच माझे डोळे गेले. काकूंचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण "सरकारी लोक" म्हटलं की काकूंच्या डोळ्यांसमोर मी येते. खुर्ची, टेबल, पंखा. त्या पट्टीतले शेवटचे तीन शब्द, "अत्यावश्यक सेवा वगळून", ते ज्यांच्यासाठी असतात त्या बायका काकूंच्या डोळ्यांसमोर येत नाहीत. खरं सांगायचं तर माझ्याही येत नव्हत्या. २०१९ पर्यंत.

आमचं गाव कृष्णाकाठचं. नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही, काठावरची सगळी गावं त्या ऑगस्टमध्ये सारखीच दिसत होती. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. २००५ चा पूर आम्ही पाहिला होता, त्यामुळे म्हातारी माणसं ठाम होती, "त्या खुणेच्या वर पाणी येत न्हाई." आलं. ५ ऑगस्टला सोमवार होता, नागपंचमी होती. पोरींच्या हातावर मेंदी होती आणि गल्लीत कमरेएवढं पाणी.

मी आदल्या दिवशीच, रविवारी संध्याकाळी, सासूबाईंना घेऊन मिरजेला नणंदेकडे गेले होते. दोन साड्या, औषधांचा डबा आणि पासबुकं. दोन दिवसांत परत येऊ म्हणून गेले ती नऊ दिवस अडकले. रस्ते बंद, पुणे-बंगळूर महामार्गही पाण्याखाली. नगरपालिकेची इमारत जुनी, तळमजल्यावर आमचा विभाग. तिथे सहा फूट पाणी होतं असं फोनवर कळलं. कपाटं, फायली, हजेरीपत्रकं, सगळं आत.

आता गंमत बघा. शाळांना सुट्टी देण्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश होता. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्ह्याच्या आपत्ती प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात. पण नगरपालिका बंद ठेवा असा आदेश आमच्यासाठी नव्हता. कसा असेल? पूर आला तर पाणी, दिवाबत्ती, सफाई, सगळं नगरपालिकेनंच बघायचं. म्हणजे इमारत बुडालेली, पण कार्यालय कागदोपत्री सुरू. माझं नाव पूरकर्तव्याच्या यादीत होतं आणि मी मिरजेत नणंदेच्या ओट्यावर बसून भजी तळत होते. लाज वाटते सांगायला, पण तळत होते. घरात पंधरा माणसं जमलेली, कुणीतरी काहीतरी करायला हवंच होतं.

पाणी उतरल्यावर १४ तारखेला कार्यालय उघडलं. उघडलं म्हणजे दार तोडलं, कारण फुगून बसलेलं. १५ ऑगस्टला झेंडावंदन आणि रक्षाबंधन एकाच दिवशी होतं. आवारात घोटाभर चिखल, त्यात विटा टाकून आम्ही उभे. ध्वजाला वंदन करताना माझी एक चप्पल चिखलात रुतून राहिली ती तिथेच राहिली.

तो चिखल ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते, पुराचा चिखल म्हणजे पावसाचा राडा नव्हे. त्यात शेणखत असतं, मेलेली जनावरं असतात, दुकानांतलं सडलेलं धान्य असतं, गटाराचं सगळं असतं. वास नाकातून आठवडाभर जात नाही. भिंतीवर त्याचा थर सुकला की खरवडून काढावा लागतो. हे सगळं काढलं ते आमच्या बायकांनी. खोरी, घमेली, पायात कुणाच्या गमबूट, कुणाच्या नुसत्या चपला. चौदा तारखेपासून रोज, पहाटे सहापासून. त्यांतल्या बहुतेकींची स्वतःची घरं वस्तीत, नदीच्या अंगाला, सगळ्यात आधी बुडालेली. स्वतःच्या घरातला चिखल तसाच ठेवून त्या आमच्या घरापुढचा काढत होत्या.

या बायका नगरपालिकेच्या, पण नगरपालिकेच्या नव्हेत. ठेकेदाराच्या. कायम सफाई कामगार पूर्वी भरपूर असायचे. ते निवृत्त होत गेले, जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि काम ठेक्यावर गेलं. हे आमच्याकडंच नाही, बहुतेक लहान नगरपालिकांत असंच आहे. ठेक्याचं गणित सोपं असतं. मुकादम रोज हजेरी घेतो, महिनाअखेर हजेरीपत्रक आमच्याकडे येतं, जितके मजूर-दिवस भरले तितक्यांचं देयक निघतं, ठेकेदाराला पैसे जातात, त्यातून तो बायकांच्या खात्यात मजुरी टाकतो. त्या वेळी आमच्याकडे दिवसाला ३५० रुपये हातात पडत. ऑगस्टमध्ये चार रविवार सोडले तर सत्तावीस दिवस. म्हणजे नऊ हजार साडेचारशे.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पगाराचं काम माझ्या टेबलावर आलं. आधी कायम कर्मचाऱ्यांचं केलं. मुख्याधिकारी साहेबांनी एका ओळीचा शेरा दिला होता: पूरस्थितीमुळे कर्मचारी कामावर पोहोचू शकले नाहीत, सबब हा कालावधी हजर समजावा. झालं. एका ओळीत सगळ्या कायम लोकांचे आठ दिवस मिटले. माझेही. वर्षाला ज्या आठ नैमित्तिक रजा असतात त्यांतली एकही खर्ची पडली नाही.

मग ठेक्याचं हजेरीपत्रक घेतलं. मुकादमानं नवीन वहीत पहिल्यापासून लिहून आणलं होतं, जुनी वही बुडाली होती. १ ते ४ ठीक. ५ ते १३, मधला रविवार सोडून, आठ घरं रिकामी. खालोखाल बावीस नावं, प्रत्येकीपुढे आठ रिकामी घरं. रिकाम्या घरात काय भरायचं हे मला इतक्या वर्षांच्या सवयीनं माहीत होतं. लाल पेन उचललं आणि "गै" लिहीत गेले. गै म्हणजे गैरहजर. बावीस गुणिले आठ, एकशे शहात्तर वेळा. मैत्रिणींनो, खोटं कशाला बोलू, लिहिताना मला काहीसुद्धा वाटलं नाही. चहा आला तेव्हा तो घेतला आणि पुढची ओळ लिहिली.

पगार जमा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी अक्का आली.

अक्का आमच्याच गल्लीची झाडलोट करायची. वय माझ्याएवढंच असेल, पण सगळ्यांची अक्का, म्हणून माझीही. कधी कार्यालयात आत आली नव्हती. त्या दिवशी दारात चप्पल काढून टेबलापर्यंत आली आणि नातवाचा मोबाइल पुढे केला. त्यावर बँकेचा मेसेज. ६,६५०.

"मॅडम, आमचं आठ दिस कुठं गेलं वो?"

मी समजावलं. अक्का, काम झालं नाही ना त्या दिवसांत. करार तसाच आहे, जितके दिवस काम तितके दिवस मजुरी. पूर होता, सगळंच बंद होतं.

तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमचं किती कापलं?"

टेबलावर दुसरे दोघे बसले होते. ते एकदम कागदात डोकं घालून कामाला लागले. मी काहीतरी पुटपुटले की आमचे नियम वेगळे असतात. अक्का रागावली नाही, आवाज चढवला नाही. म्हणाली, "मी साळंत हुते. तिथलं संडास मीच धुतलं सगळं. आठी दिस." आणि मोबाइल घेऊन निघून गेली.

"साळंत" म्हणजे पूरग्रस्तांचं निवारा केंद्र ज्या शाळेत उघडलं होतं तिथे. वस्तीतल्या लोकांना होड्यांनी तिकडेच नेलं होतं. चार-पाचशे माणसं, सहा संडास. ते कुणी साफ केले असतील हा प्रश्न मला पडलाच नव्हता. नणंदेकडे तर दोनच बाथरूम होती आणि पंधरा माणसं, तेवढ्यानं आम्ही कावलो होतो.

त्या रात्री मला २००५ आठवलं. तेव्हाही पूर आला होता, लहान. माझी कामवाली सहा दिवस आली नव्हती, तिच्याही घरात पाणी होतं. आणि मी महिन्याच्या शेवटी तिचे सहा दिवस कापले होते. अगदी हिशेबानं, कॅलेंडरवर पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या दाखवून. तिनं निमूट घेतले पैसे. ती आता हयात नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात विषय काढला, तर जो तो शहाणा झाला. एक म्हणाला, "मॅडम, कशाला लचांड? त्यांना सानुग्रह मिळालंय की!" हे खरं होतं. सरकारनं त्या वेळी पूरग्रस्त कुटुंबांना ग्रामीण भागात दहा हजार आणि शहरी भागात पंधरा हजार रुपये दिले, धान्य दिलं. पण ते बुडालेल्या घरासाठी. त्यातून भांडी, अंथरूण, मुलांची पुस्तकं, गॅसची शेगडी. माझ्या घराचाही पंचनामा झाला होता, म्हणून माझा पगार कुणी कापला नव्हता. मी हे बोलून दाखवलं तर म्हणाला, "आपली गोष्ट वेगळी." सगळे हेच म्हणत होते. मीही अक्काला हेच म्हटलं होतं.

लेखापाल मात्र जुने, सरळ गृहस्थ. त्यांनी खरी अडचण सांगितली. "हे बघा, करारात हजेरीवर देयक असं लिहिलंय. हजेरी नसताना पैसे काढले तर ऑडिटमध्ये आक्षेप येईल. आक्षेप आला की वसुली लागते, आणि ती तुमच्या-माझ्या पगारातून. माझी निवृत्ती दीड वर्षावर आली आहे." त्यांचं काही चुकत नव्हतं. लोकांना वाटतं सरकारी माणूस दुष्ट असतो म्हणून नाही म्हणतो. बरेचदा तो फक्त घाबरलेला असतो.

मी कायदे वाचायला घेतले. आमच्या कामगार अधिकाऱ्यांच्या ओळखीनं पुस्तकं मिळवली. तेव्हा १९७० चा कंत्राटी कामगारांचा कायदा होता. त्यात होतं की ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकानं, म्हणजे इथे नगरपालिकेनं, द्यायची आणि ठेकेदाराकडून वसूल करायची. (२०२५ च्या नोव्हेंबरपासून नव्या कामगार संहिता आल्या, त्यांतही ही जबाबदारी ठेवली आहे.) पण हे झालं थकवलेल्या मजुरीचं. कामच होऊ शकलं नाही त्या दिवसाचं काय? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'ले-ऑफ'च्या व्याख्येत नैसर्गिक आपत्ती हा शब्द चक्क सापडला. कारखान्यात किमान पन्नास कामगार असतील आणि अशा कारणानं काम देता आलं नाही, तर वर्षभर नोकरी झालेल्या कायम कामगाराला निम्मं वेतन द्यायचं. मला आनंद झाला, मग पुढची ओळ वाचली. हे कारखाने, खाणी आणि मळ्यांसाठी. गावची झाडलोट ह्यांतलं काहीच नाही.

माझी भाची अमेरिकेत मेरीलँडमध्ये असते. तिला फोनवर हे सांगत होते तर ती म्हणाली, "मावशी, इथेही बर्फ पडला की ऑफिसं बंद होतात, पगार मिळतो." तिकडे केंद्र सरकारच्या नोकरांसाठी हवामानामुळे द्यायच्या पगारी रजेचा वेगळा कायदाच २०१६ च्या डिसेंबरमध्ये झालाय म्हणे. मी विचारलं, "आणि ऑफिस झाडणारी?" ती थोडा वेळ गप्प. "ती कंत्राटदाराची असते. तिचं करारात असेल तसं." म्हणजे अमेरिकेतही अक्का आहेच.

मग मी पुन्हा अक्काच्या त्या एका वाक्याकडे आले. आठी दिस संडास धुतले. म्हणजे काम झालं होतं! फक्त हजेरी झाली नव्हती, कारण हजेरीची वही पाण्यात होती आणि मुकादम दुसऱ्या टोकाला अडकला होता. काम न झालेल्या दिवसाचे पैसे मागायचे नव्हतेच, झालेल्या कामाचे मागायचे होते. एवढं साधं मला सुचायला दहा दिवस लागले.

मी शाळेत गेले. मुख्याध्यापिका बाईंना भेटले. बाई पक्क्या शाळामास्तरीण. त्यांनी कपाटातून शंभर पानी वही काढली. निवारा केंद्रात रोज किती माणसं, किती दूध आलं, कुणाला ताप, डॉक्टर कधी आले, सगळं तारीखवार. आणि प्रत्येक तारखेखाली: "स्वच्छता – सकाळ, संध्याकाळ", त्यापुढे नावं. नऊ बायका. अक्काचं नाव आठी दिवस. बाई म्हणाल्या, "मी त्यांना म्हटलं होतं, तुम्ही पण पूरग्रस्तच आहात, बसा. तर म्हणाल्या, बाई, हे आमचंच काम हाय, दुसरं कोण करणार?"

वहीच्या झेरॉक्स, बाईंचा दाखला, तलाठ्यांची निवारा केंद्रातली यादी, हे सगळं जोडून मी टिपणी ठेवली. नोकरीतली पहिलीच अशी, जी कुणी ठेव म्हटलं नव्हतं. साहेबांनी तीन दिवस ठेवून घेतली. मग बोलावलं. म्हणाले, "नऊ जणींचं करता येईल, पुरावा आहे. बाकी तेरा?" बाकी तेरा जणी कुठल्याही केंद्रात नव्हत्या. कुणी माहेरी, कुणी भावाकडे, एक बाई दोन दिवस गच्चीवर होती, मग लष्कराच्या होडीनं निघाली. त्यांनी काम केलं नव्हतं. माझ्यासारखंच.

"साहेब, आपल्या लोकांना एका ओळीत हजर समजलं," मी म्हटलं.

"त्यांना पगार नगरपालिका देते. यांना ठेकेदार देतो. मी ठेकेदाराच्या माणसाला हजर समजू शकत नाही. करारात तसं कलम नाही." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "असतं तर केलं असतं."

ऑक्टोबरमध्ये नऊ जणींचे प्रत्येकी दोन हजार आठशे जमा झाले. मी खुशीत होते. घरी जाताना पेढे घेतले. आणि आठवडाभरानं अक्का पुन्हा आली, या वेळी चप्पल न काढता.

"मॅडम, तुमी आमच्यात फूट पाडलासा."

झालं होतं असं की, नऊ जणींना मिळाले आणि तेरा जणींना नाही, हे वस्तीत कळल्यावर नळावर भांडणं झाली. कुणी म्हणालं, सगळ्यांत वाटून घ्या. कुणी म्हणालं, का वाटायचं, आमी घाण काढली. दोन सख्ख्या जावा, एक नऊमधली, एक तेरांमधली, एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. ती गच्चीवरची बाई काम सोडून वीटभट्टीवर गेली. आणखी दोघींनी सोडलं. अक्काला गट सांभाळायचा होता, आणि तो माझ्यामुळं फुटला होता. "द्यायचं हुतं तर सगळ्यास्नी, न्हाईतर कुणालाच नगं हुतं," ती म्हणाली. मी तिला पेढा पुढे केला. तिनं घेतला नाही.

आजही मला ठरवता येत नाही, मी तेव्हा चूक केली की बरोबर. नऊ जणींची मजुरी त्यांच्या घामाची होती, ती कुणाच्या रुसव्यासाठी सोडून द्यायची हे मला पटत नाही. पण अक्काचा राग खोटा होता असंही म्हणवत नाही.

साहेबांचं "करारात कलम नाही" हे मात्र डोक्यात राहिलं. ठेक्याची मुदत २०२० मध्ये संपणार होती. तेवढ्यात करोना आला. आणि त्या संकटात मला हवा तो कागद मिळाला. २०२० च्या मार्चमध्ये, टाळेबंदी लागली त्याच सुमाराला, केंद्राच्या अर्थ मंत्रालयानं आदेश काढला: टाळेबंदीमुळे जे कंत्राटी, रोजंदारी आणि बाह्यस्रोत कर्मचारी सरकारी कार्यालयात येऊ शकत नाहीत, त्यांना कामावर हजर समजून मजुरी द्यावी. ३० एप्रिलपर्यंतसाठी होता तो. केंद्राच्या कार्यालयांपुरता, आमच्यावर बंधनकारक नव्हे. आणि आमच्या बायका तर त्या काळात एक दिवसही घरी बसल्या नव्हत्या, उलट दुप्पट काम होतं. पण मला पाहिजे होते ते तीन शब्द त्यात छापील होते: कंत्राटी, हजर, समजून. देशाचं अर्थ मंत्रालय समजू शकतं, तर आमची नगरपालिका का नाही?

आदेशाची प्रत, २०१९ ची नस्ती आणि कलमाचा मसुदा घेऊन मी आधी लेखापालांकडे गेले. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं. "हे निविदेतच असेल तर मला हरकत नाही. मग आक्षेप कसला? अट म्हणूनच दिले पैसे." त्यांनी स्वतः एक सुधारणा घातली. वर्षाला जास्तीत जास्त सात दिवस, आणि मुख्याधिकाऱ्यांचा लेखी आदेश पाहिजे. नाहीतर, म्हणाले, पावसाची सर आली की ठेकेदार बोगस हजेरी लावेल आणि पैसे बायकांऐवजी त्याच्या खिशात जातील. हे मला सुचलं नसतं.

सर्वसाधारण सभा त्या वेळी मोबाइलवर व्हायची. निम्म्यांचा आवाज यायचा नाही. एका सभासदानं विचारलंच, "काम नाही तर पैसे कशाला? जनतेचा पैसा आहे." आमच्या वॉर्डाची नगरसेविका, महिला आरक्षणातून आलेली, एरवी सभेत फारशी न बोलणारी. पती बोलतात असं सगळे म्हणायचे. तिनं माइक चालू केला आणि म्हणाली, "पुरात आपलं मानधन कापलं होतं का? मला तर पूर्ण आलं होतं." सभेत हशा झाला, की नेट गेलं होतं, कोण जाणे. ठराव मंजूर झाला.

असल्या कलमाची खरी परीक्षा म्हणजे पुन्हा पूर. तो यायला वेळ लागला नाही. २०२१ च्या जुलैमध्ये, २२ तारखेनंतर, चिपळूण-महाडची बातमी टीव्हीवर चालू असतानाच कृष्णाही चढली. आयर्विनला पुन्हा ५० फुटांच्या वर. आमच्याकडे या वेळी वस्ती वेळेवर हलवली होती आणि मस्टरं मी आधीच पहिल्या मजल्यावर नेऊन ठेवली होती. शुक्रवार ते मंगळवार, मधला रविवार सोडून चार दिवस काम बंद. साहेब बदललेले होते, नवे आलेले तरुण. मी आदेशाचा मसुदा पुढे ठेवला, करारातलं कलम दाखवलं. त्यांनी वाचलं, "बरोबर आहे की," म्हणाले आणि सही केली. एवढंच. दोन वर्षांपूर्वी ज्यासाठी रात्रीची झोप गेली होती ते अर्ध्या मिनिटात झालं.

हजेरीपत्रक भरताना त्या चार घरांत मी "ह" लिहिला. निळ्या शाईनं. बावीसपैकी एकोणीस नावं जुनी, तीन नवीन.

आशाताई, अंगणवाडीताई यांचं काय, असं तुमच्यातली कुणी विचारेल. अंगणवाडीताईंना महिन्याचं मानधन असतं, त्यामुळे दोन-चार दिवसांनी त्यांचं तितकं बिघडत नाही. आशाताईंचं बरंचसं कामावर मोजलं जातं, भेट झाली तर पैसे. पुरात भेटी कशा होणार? तो आमच्या टेबलाचा विषय नव्हता, पण एका आशाताईनं ते कलम माझ्याकडून उतरवून नेलं होतं. पुढं तिनं काय केलं ते विचारायचं राहून गेलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पैसे जमा झाले. अक्का आली. माझ्याशी पावणेदोन वर्षं ती कामापुरतंच बोलायची. या वेळी दारातच उभी राहिली, मोबाइल पुढे केला. ३८० रुपये रोज झाला होता तोवर. मेसेजमध्ये १०,२६० आले होते.

"किती दिसाचं हाय ह्ये?"

"सत्तावीस."

"समद्या जणींस्नी?"

"समद्या जणींना."

तिनं मोबाइल पदराला पुसला, पिशवीत ठेवला. जायला वळली आणि परत फिरली.

"मॅडम, पाणी उतरल्यावर आमी सा वाजल्यापासनं अंधार पडंपातुर चिखल काढला. त्येचा जादा टाइम कुठं धरलाय ह्यात?"

मी हजेरीपत्रक पुन्हा उघडलं. धरलेला नव्हता. हजेरीच्या घरात "ह" लिहिता येतो, किती तास ते लिहायला जागाच नसते. त्याचीही टिपणी मी ठेवली. ती मी निवृत्त होईपर्यंत मंजूर झाली नव्हती.